डॉक सौंद यांच्या मतदारसंघात

सोमवार : बर्कली

कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या भर वस्तीत, रेल्वे स्टेशनपासून चार पावलांवर, दोन चौकांपुरता एक रस्ता आहे. कला बागाई वे. शहराने २०२१ मध्ये त्याला हे नाव दिलं. मामांना मी आधी तिथे नेलं, विद्यापीठात नंतर.

वैष्णो दास बागाई १९१५ मध्ये पत्नी कला आणि तीन मुलांना घेऊन पेशावरहून सॅन फ्रान्सिस्कोला आले. त्यांनी दुकान काढलं, बर्कलीत घर विकत घेतलं. सामान घेऊन राहायला गेले तर शेजाऱ्यांनी घराला कुलूप ठोकलेलं. १९२१ मध्ये त्यांना अमेरिकी नागरिकत्व मिळालं. मग फेब्रुवारी १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद खटल्यात निकाल दिला की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नाही, त्यामुळे तो नागरिक होऊ शकत नाही. थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करात होते, पण त्याचाही उपयोग झाला नाही. ज्यांना नागरिकत्व आधीच मिळालं होतं त्यांचंही काढून घ्यायला सुरुवात झाली. बागाईंचं नागरिकत्व गेलं, पाठोपाठ मालमत्ताही गेली. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

मामा रस्त्याच्या पाटीकडे बघत म्हणाले, “म्हणजे सातबाऱ्यावर नाव चढवायचं आन् मागनं खोडायचं.”

तो निकाल लागला तेव्हा इथून पंधरा मिनिटांच्या चालीवर, कॅलिफोर्निया विद्यापीठात, तेवीस वर्षांचा एक पंजाबी तरुण गणितात डॉक्टरेट करत होता. दलीप सिंग सौंद. पुढे तेहतीस वर्षांनी हाच माणूस अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहावर निवडून गेला. आशियात जन्मलेला तिथला पहिला सभासद. त्यांची गोष्ट बहुतेक ठिकाणी एकट्या माणसाच्या जिद्दीची म्हणून सांगतात. मला ती तशी वाटत नाही. जिद्द बागाईंकडेही होती. फरक कशाने पडला ते बघायचं असेल तर ज्या गावांनी सौंद यांना उभं केलं ती गावं एका ओळीत बघायला हवीत, असं बरेच दिवस मनात होतं. मामा भारतातून आले, गोल्डन गेट पूल वगैरे बघून झाला, आणि एके दिवशी म्हणाले, “आता एखादं शेत दाखव.” तेव्हा हा प्रवास ठरला.

मामा वाळवा तालुक्यातले. साखर कारखान्यात चिटबॉय म्हणून लागले आणि शेती खात्यातून निवृत्त झाले. मधल्या काळात ग्रामपंचायतीला उभे राहिले, एकदा पडले, एकदा निवडून आले. पाट, पाणी, साखर आणि निवडणूक या चारही गोष्टी जाणणारा सोबती मला या प्रवासासाठी दुसरा मिळाला नसता.

सौंद यांचा जन्म १८९९ चा, अमृतसर जिल्ह्यातल्या छज्जलवाडीचा. घरचे शिकलेले नव्हते, पण सरकारी बांधकामाच्या ठेक्यांवर सुस्थितीला आलेले. वडील लहानपणीच गेले. गणितात पदवी घेऊन १९२० मध्ये ते न्यू यॉर्कच्या एलिस बेटावर उतरले आणि तिथून बर्कलीला आले. घरी सांगितलं होतं की फळं-भाज्या टिकवण्याचं तंत्र शिकतो आणि परत येऊन कारखाना काढतो. इथे आल्यावर मन पुन्हा गणिताकडे ओढलं गेलं. १९२२ मध्ये एम.ए. आणि १९२४ मध्ये पीएच.डी. सुट्टीत ते डबाबंद फळांच्या कारखान्यांत मजुरी करायचे.

विद्यापीठाच्या आवारात आम्ही घंटाघरापर्यंत चढून गेलो. सौंद आले तेव्हाही हा मनोरा होता, तो १९१४ चा आहे. तिथून समोर खाडी आणि पलीकडे सॅन फ्रान्सिस्को. नंतर ऑलस्टन वे रस्त्यावरून रमतगमत खाली आलो, कारण याच रस्त्यावर भारतीय विद्यार्थ्यांसाठी एक घर होतं आणि सौंद तिथे राहायचे. ते घर चालवायचा स्टॉकटनचा गुरुद्वारा.

मंगळवार : स्टॉकटन

स्टॉकटन बर्कलीपासून दीड तासावर, सॅन होआकिन नदीच्या मुखाजवळच्या सपाट, काळ्या मातीच्या प्रदेशात. वाटेत टेकड्यांवर पवनचक्क्यांच्या रांगा आहेत, त्यानंतर जमीन एकदम परातीसारखी सपाट होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या बटाट्याच्या आणि शतावरीच्या शेतांत पंजाबी मजूर आले. त्यांच्यातलेच ज्वाला सिंग पुढे एवढे मोठे शेतकरी झाले की त्यांना ‘बटाट्याचा राजा’ म्हणत. त्यांनी आणि वसाखा सिंग यांनी इतरांसह १९१२ मध्ये गुरुद्वारा उभा केला. शिखांचं अमेरिकेतलं हे पहिलं कायमचं धर्मस्थान. ज्वाला सिंग यांनी भारतातून बर्कलीला येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्याही ठेवल्या. शेतावर राबणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या माणसांच्या वर्गणीतून शिष्यवृत्ती आणि वसतिगृह! मामा यावर बराच वेळ बोलत राहिले. आपल्याकडे साखरेच्या पोत्यामागे कपात करून शाळा-कॉलेजं उभी राहिली, ते सगळं त्यांनी जवळून बघितलेलं.

जुन्या विटांच्या इमारतीत आता संग्रहालय आहे. तिथल्या जुन्या फोटोत लोक प्रार्थनेच्या दालनात खुर्च्यांवर बसलेले दिसतात. स्वातंत्र्याच्या सुमारापर्यंत इथे खुर्च्या होत्या, पुढे सतरंज्या आल्या. अमेरिकेतल्या भारतीयांनी ब्रिटिशांविरुद्ध उभारलेल्या सशस्त्र गदर चळवळीचं हे मोठं ठाणं, आणि आम्हा दोघांना इथे आपली माणसं आठवणं साहजिक होतं. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे ऑरेगनमध्ये शेतीशास्त्र शिकले आणि गदरच्या सुरुवातीच्या फळीत होते. पुढे मेक्सिकोत ते नामांकित शेतीशास्त्रज्ञ झाले. तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे सिअॅटलहून गदरमध्ये आले आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये लाहोरला कर्तारसिंग सराभांसोबत फासावर गेले. सौंद बर्कलीला पोहोचले त्याच्या जेमतेम पाच वर्षं आधीची ही गोष्ट. ज्या घरात ते राहिले, ज्या लंगरात जेवले, तिथे ही नावं रोजच्या बोलण्यातली असणार.

सौंद यांनी बंदुकीचा मार्ग धरला नाही, त्यांनी भाषणांचा धरला. विद्यार्थी असतानाच ते हिंदुस्तान असोसिएशनचे अध्यक्ष झाले. चर्चमध्ये, क्लबात, जिथे बोलावतील तिथे भारताच्या स्वातंत्र्यावर बोलायचे. लिंकन आणि विल्सन यांची भाषणं त्यांना फार प्रिय होती. १९२७ मध्ये कॅथरीन मेयो यांचं भारताची नालस्ती करणारं पुस्तक इकडे तुफान खपलं, तेव्हा उत्तर लिहायला स्टॉकटनचा गुरुद्वारा चालवणाऱ्या खालसा दिवाण या संस्थेने सौंद यांनाच सांगितलं. ‘माय मदर इंडिया’ हे त्यांचं पुस्तक १९३० मध्ये दिवाणनेच छापलं. तोवर सौंद इथून कितीतरी मैल दूर दक्षिणेच्या वाळवंटात शेती करत होते, तरी बोलावणं आलं ते त्यांनाच. हा धागा मला महत्त्वाचा वाटतो. गुरुद्वाऱ्याने मुलगा शिकवला, मुलाने समाजाची बाजू मांडली, आणि पुढे याच समाजाने कायदा बदलण्यासाठी पैसे उभे केले.

लंगरात डाळ, रोटी, खीर झाली. मामांनी पंगत उठल्यावर भांडी घासायला हात लावला. एका सरदारजींनी त्यांना बसा म्हटलं, ते बसले नाहीत.

दुपारी दोनला निघालो. दक्षिणेकडचा हा रस्ता सरळ, कंटाळवाणा आणि लांबलचक आहे, बदामाच्या बागा संपता संपत नाहीत. लॉस एंजेलिसच्या गर्दीत तास-दीड तास गेला आणि टेमेक्युलाला पोहोचायला रात्रीचे दहा वाजले.

बुधवार : टेमेक्युला आणि थर्मल

टेमेक्युलाला मुक्काम केला तो पोस्टासाठी. रँचो कॅलिफोर्निया रोडवरच्या टपाल कार्यालयाला २००५ च्या कायद्याने सौंद यांचं नाव दिलेलं आहे. साधी, बैठी इमारत. आत लोक पार्सलं घेऊन रांगेत उभे. मामांनी पोस्टकार्डं घेतली, गावाकडच्या चार मित्रांना पत्ते लिहिले आणि खिडकीवरच्या बाईंना शिक्का ठळक मारायला सांगितलं. त्यांनी नीट दाबून शिक्के मारले आणि नाव वाचून मामांना विचारलं, “तुमचे नातेवाईक का?” मामा म्हणाले, “गाववाले.” छज्जलवाडी आणि वाळवा यांच्यात सोळाशे किलोमीटरचं अंतर आहे, पण मी काही बोलले नाही.

सौंद यांची नागरिकत्वाची लढाई मी मामांना पोस्टासमोरच्या कॉफीच्या दुकानात सांगितली. थिंद निकालानंतर भारतीयांची दोन्हीकडून कोंडी झाली होती. १९१३ आणि १९२० चे कॅलिफोर्नियाचे जमीन कायदे सांगत, जो नागरिक होऊ शकत नाही त्याने शेतजमीन विकत घ्यायची नाही आणि खंडानेही करायची नाही. आणि नागरिक व्हायची वाट न्यायालयाने बंद केलेली. पंजाबी शेतकरी मग ओळखीच्या गोऱ्या माणसाच्या, बँकवाल्याच्या, नाहीतर इथे जन्मलेल्या मुलांच्या नावावर जमीन करत. कागदावर नाव एकाचं आणि घाम दुसऱ्याचा. “कुळकायद्याच्या आधी आपल्यात असंच हुतं,” मामा म्हणाले. फरक एवढाच की इथे हे वंश बघून चाललं होतं.

चाळीसच्या दशकात सौंद यांनी इंपीरियल खोऱ्यातल्या शेतकऱ्यांना घेऊन इंडिया असोसिएशन ऑफ अमेरिका स्थापन केली. न्यू यॉर्कमध्ये जे. जे. सिंग यांची इंडिया लीग वॉशिंग्टनच्या पुढाऱ्यांमागे लागलेली होतीच. कनेक्टिकटच्या रिपब्लिकन क्लेअर बूथ लूस आणि न्यू यॉर्कचे डेमोक्रॅट इमॅन्युएल सेलर यांनी विधेयक आणलं आणि २ जुलै १९४६ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी त्यावर सही केली. भारतातून वर्षाला शंभर माणसांना प्रवेश, आणि इथे आधीपासून असलेल्यांना नागरिकत्वाचा हक्क. याच सेलर यांच्या नावाने १९६५ चा स्थलांतराचा कायदा ओळखला जातो, आणि त्याच्यामुळेच आमच्यासारखी हजारो मराठी घरं आज फ्रीमाँटपासून न्यू जर्सीपर्यंत आहेत. त्या शंभरच्या आकड्यापाशी किती वर्षं कुणी झगडलं होतं, हे आपल्या मंडळांच्या कार्यक्रमांत कधी निघत नाही. निघायला हवं.

सौंद १६ डिसेंबर १९४९ ला नागरिक झाले. अमेरिकेत आल्याला एकोणतीस वर्षं झाली होती, वय पन्नास.

टेमेक्युलाहून पूर्वेला निघालो. रस्ता डोंगर चढतो, पाइनची झाडं लागतात आणि मग एका वळणावर खाली वाळवंट उघडतं. उतरताना कान बंद होतात. इंडिओला खजुराच्या बागा. वीस-वीस मीटर उंच झाडं ओळीत लावलेली आणि घडांभोवती कागदी पिशव्या. आम्ही अर्धा किलो खजूर घेतला, मऊ आणि लोण्यासारखा.

थोडं पुढे थर्मल गावात विमानतळ आहे, जॅकलिन कॉक्रन यांच्या नावाचा. गाडी बाजूला घेऊन मी मामांना सांगितलं, सौंद यांनी हरवलं ते यांना.

मामा खाली उतरले. “सांग नीट. कोण हुत्या बाई?”

कॉक्रन म्हणजे साधी उमेदवार नव्हती. फ्लोरिडात गरिबीत वाढलेली मुलगी, पुढे विमान चालवायला शिकली. दुसऱ्या महायुद्धात महिला वैमानिकांच्या दलाची प्रमुख झाली. १९५३ मध्ये ध्वनीच्या वेगापेक्षा जास्त वेगाने विमान नेणारी जगातली पहिली स्त्री. नवरा मोठा भांडवलदार, इंडिओला विस्तीर्ण मळा, राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर घरचे स्नेही. १९५६ मध्ये त्या रिपब्लिकन पक्षातर्फे उभ्या राहिल्या. रिव्हरसाइड आणि इंपीरियल हे दोन जिल्हे मिळून एक मतदारसंघ, जवळपास तीस हजार चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या दुपटीच्या आसपास. बाई स्वतःचं विमान स्वतः चालवत सभांना जात.

सौंद यांच्याकडे विमान नव्हतं. घरचे सगळे आणि मित्रमंडळी दारोदार फिरून मतदार नोंदणी करत होती. त्याआधी स्वतःच्या पक्षातही एका वकिलाने त्यांच्यावर दावा लावला होता की प्रतिनिधीगृहासाठी सात वर्षं नागरिक असावं लागतं आणि यांची भरत नाहीत. न्यायालयाने दावा फेटाळला. सात वर्षं डिसेंबर १९५६ ला भरत होती आणि सभागृह जानेवारीत बसणार होतं.

“नोंदणी कुणी केली म्हणलीस? घरच्यांनी?” मामांनी परत विचारलं. “मग झालं की. सभा कुणीबी घेतंय. यादीत नाव घालायला जो दारात येतो त्येला माणूस विसरत न्हाई.”

त्या वर्षी आयझेनहॉवर यांनी देश जिंकला, कॅलिफोर्नियाही जिंकला. त्याच मतपत्रिकेवर या मतदारसंघात डेमोक्रॅट सौंद ५४,९८९ मतं घेऊन निवडून आले, साधारण ३,३०० मतांच्या फरकाने. हजारो लोकांनी वर रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षाला मत दिलं आणि खाली सौंद यांना.

गुरुवार : साल्टन सी, वेस्टमोरलँड, ब्रॉली

हायवे ८६ साल्टन सीच्या पश्चिम काठाने जातो. हा समुद्र नव्हे, आणि खरं म्हणजे सरोवरही माणसाच्या चुकीतून झालेलं. १९०५ मध्ये कोलोराडो नदीने शेतीसाठी खोदलेला कालवा फोडला आणि जवळपास दोन वर्षं सगळी नदी या खड्ड्यात वाहत राहिली. पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या सत्तर मीटर खाली आहे. बाहेर जायला वाट नसल्याने मीठ वाढत गेलं, आणि आता पाणी आटतंय. काठावर माशांची हाडं आणि बारीक शिंपल्यांचा पांढरा थर, वास जड. पलीकडच्या काठावर बॉम्बे बीच नावाची वस्ती आहे, एकेकाळी सुट्टीला येणाऱ्यांची, आता बरीचशी ओसाड. नाव ऐकून मामा खूश झाले, पण तिकडे जायला निम्मा वळसा घालावा लागतो, ते राहिलं.

दुपारी वेस्टमोरलँड लागलं. हेच सौंद यांचं गाव. जेमतेम दोन हजार वस्ती, एक मुख्य रस्ता, पेट्रोल पंप, खजुराच्या मिल्कशेकसाठी थांबणाऱ्या गाड्या. समुद्रसपाटीच्या अठ्ठेचाळीस मीटर खाली. चारी बाजूंनी लसूणघास, कोबी, लेट्यूस, गाजरं. वर्षाला पाऊस तीन इंच.

गणितातली डॉक्टरेट घेऊन १९२५ च्या उन्हाळ्यात सौंद या खोऱ्यात आले ते कापूस वेचणाऱ्या टोळीचे मुकादम म्हणून. नागरिक होता येत नव्हतं, त्यामुळे शिक्षणाला साजेशी नोकरी कुठली मिळणार? इथे पंजाबी शेतकरी होते, ओळखीचे होते. मग त्यांनी स्वतः शेती सुरू केली. लेट्यूस, सेलरी, साखरेचं बीट. १९२८ मध्ये मॅरियन कोसा यांच्याशी लग्न झालं, चेक वंशाच्या चित्रकाराची मुलगी. तीन मुलं. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, त्या काळी वातानुकूलन कुठलं! तीसच्या दशकातल्या मंदीत सौंद कर्जात बुडाले. दिवाळखोरी जाहीर केली असती तर कायद्याने सुटले असते. त्यांनी ती केली नाही, काही वर्षं घालवून देणी फेडली. पुढे त्यांनी खताचा धंदा काढला. गावात ते ‘डॉक’ होते.

मामा एका शेताच्या बांधावर उतरले. सिमेंटची चारी, तिला बसवलेल्या झडपा, सरीत पाणी सोडलेलं, कुठे आवाज नाही. मामांनी ओंजळभर माती उचलून चोळून बघितली. “क्षार हाय,” ते म्हणाले. “निचरा केलाय का?” केलाय. इथल्या जमिनीखाली निचऱ्याचे पाइप घातलेले आहेत, आणि ते खारं पाणी शेवटी साल्टन सीमध्येच जातं. वाळवा-मिरजेकडच्या क्षारपड जमिनी डोळ्यांसमोर असल्याने मामांना हे दिसायला वेळ लागला नाही.

वेस्टमोरलँडची निवडणूक हा सौंद यांच्या आयुष्यातला मला सर्वांत आवडणारा भाग आहे. १९५० मध्ये, नागरिक होऊन वर्षही झालेलं नसताना, ते गावच्या न्यायाधीशपदासाठी उभे राहिले. हे पद इथे लोक निवडून देतात. ते निवडून आले, पण निवडणुकीच्या दिवशी नागरिकत्वाला वर्ष पूर्ण नव्हतं म्हणून त्यांना पद नाकारलं गेलं. १९५२ मध्ये ते पुन्हा उभे राहिले. त्या प्रचारातला एक प्रसंग त्यांनी आत्मचरित्रात लिहिला आहे. गावातल्या हॉटेलात सगळ्यांसमोर एकाने मोठ्याने विचारलं, डॉक, तुम्ही निवडून आलात तर कोर्टात यायला आम्हाला फेटे तुम्ही पुरवणार, का आम्ही विकत घ्यायचे? सौंद म्हणाले, मी सहिष्णू माणूस आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, माणसाच्या डोक्यावर काय आहे याच्याशी मला देणंघेणं नाही, डोक्यात काय आहे तेवढं बघतो. हॉटेल हसलं. सौंद निवडून आले.

मामांचा प्रश्न आला, “हसलं ते कुणाला?” मला वाटतं, विचारणाऱ्याला. सव्वीस-सत्तावीस वर्षं जो या खोऱ्यात राबला, ज्याच्या शेतावर माणसं कामाला गेली, त्याचं डोकं कसं चालतं हे त्या हॉटेलातल्या प्रत्येकाला माहीत होतं. मताचा हक्क कायद्याने १९४९ मध्ये दिला. ओळख त्याच्या कितीतरी आधी तयार झालेली होती. कायदा नसता तर ती ओळख तशीच वाया गेली असती, जशी त्या पिढीतल्या कितीतरी पंजाबी शेतकऱ्यांची गेली.

न्यायाधीश म्हणून ते कडक निघाले. वेस्टमोरलँड तेव्हा जुगार आणि वेश्याव्यवसायासाठी बदनाम होतं. सौंद यांनी दंड आणि तुरुंगवास यांत हात आखडता घेतला नाही. सोबतीने जिल्ह्यातल्या डेमोक्रॅटिक पक्षाचं काम, १९५४ मध्ये जिल्हा समितीचं अध्यक्षपद. तिथून १९५६.

रात्री ब्रॉलीत मुक्काम. हॉटेलच्या मागेच कांद्याचं शेत होतं.

शुक्रवार : साखर कारखाना, इंपीरियल, एल सेंट्रो, कालवा

ब्रॉलीच्या दक्षिणेला बीटचा साखर कारखाना. त्याच्या उंच कोठीवर, मान वर करून बघावं अशा जागी, समुद्रसपाटीची खूण केली आहे. म्हणजे आपण उभे आहोत त्याच्या कितीतरी वर समुद्राची पातळी. कॅलिफोर्नियातला बीट साखरेचा हा शेवटचा कारखाना होता, २०२५ मध्ये तोही बंद झाला. मामा फाटकापाशी उभे राहिले, हात मागे बांधून. गव्हाणीची जागा कुठली, बॉयलर कुठला, त्यांनी बाहेरूनच ओळखलं. “बीट लावणाऱ्यांनी आता काय करायचं?” त्यांनी विचारलं. कारखान्यावर अवलंबून असलेल्या शेतकऱ्याचा प्रश्न. सौंद यांनाही तो पडला असता, ते बीट पिकवणारेच होते.

इंपीरियल गावाजवळच्या पायोनियर्स म्युझियममध्ये खोऱ्यात आलेल्या प्रत्येक समाजाचं दालन आहे. स्विस, जपानी, फिलिपिनो, आणि आपलेही. पंजाबी पुरुषांना गोऱ्या बायकांशी लग्न करायला कायद्याची आडकाठी होती आणि भारतातून बायका आणता येत नव्हत्या, तेव्हा इथल्या बहुतेकांनी मेक्सिकन मुलींशी लग्नं केली. मुलांची नावं होसे सिंग, मारिया सिंग अशी. घरात स्पॅनिश आणि इंग्रजी, स्वयंपाकात रोटी आणि टॉर्टिया. आम्ही तिथे दोन तास होतो, तेवढे कमीच पडले.

एल सेंट्रोचा गुरुद्वारा बाहेरूनच बघितला. ही इमारत जपान्यांचं बौद्ध मंदिर होती. युद्धकाळात सरकारने जपानी वंशाच्या माणसांना छावण्यांत नेऊन कोंडलं. १९४८ मध्ये शिखांनी ही वास्तू घेतली. एका समाजाला इथून उखडून काढलं आणि दुसऱ्याला दोन वर्षांपूर्वीच नागरिकत्वाचं दार उघडलं होतं. दोन्ही निर्णय एकाच सरकारचे, चार-पाच वर्षांच्या अंतराने घेतलेले. सौंद यांच्या भाषणांत समान नागरिकत्वाचा मुद्दा का परत परत येतो, ते इथे उभं राहिल्यावर मला कळलं.

वॉशिंग्टनमध्ये पहिल्याच वर्षी त्यांना परराष्ट्र व्यवहार समितीवर घेतलं. १९५७ च्या नागरी हक्क विधेयकाच्या बाजूने ते उभे राहिले. त्याच वर्षाच्या अखेरीस ते आशियाच्या दौऱ्यावर निघाले, भारतात आले आणि सदतीस वर्षांनी छज्जलवाडीला गेले. परकीय मदतीवर त्यांचं मत स्पष्ट होतं. हुकूमशहांना शस्त्रं पुरवून मित्र मिळत नाहीत, मदत गावातल्या माणसापर्यंत पोहोचली पाहिजे. शीतयुद्धाच्या ऐन भरात हे बोलायला हिंमत लागत होती. पण मेक्सिकोतून कराराने आणल्या जाणाऱ्या शेतमजुरांच्या योजनेत ते बागायतदारांच्या बाजूने राहिले. मतदारसंघ बागायतदारांचा होता आणि ते स्वतःही बागायतदार होते. त्या मजुरांचे हाल त्यांच्या डोळ्यांसमोर होते, आणि इथे ते कमी पडले असं मला वाटतं. मामांना ते पटलं नाही. “निवडून दिलेल्यांचं ऐकायचं न्हाई तर कुणाचं?” यावर आमचा वाद कॅलेक्सिकोपर्यंत चालला.

कॅलेक्सिको सरहद्दीवर. कुंपणापलीकडे मेक्सिकोचं मेहिकाली शहर, दहा लाखांच्या वस्तीचं. गावाच्या पूर्वेला हायवे ९८ ने गेलं की ऑल-अमेरिकन कालवा दिसतो. कोलोराडोचं पाणी १३० किलोमीटर, पंपाशिवाय, नुसत्या उतारावर इथे येतं आणि सुमारे पाच लाख एकर भिजवतं. तीसच्या दशकात खोदकाम, १९४० मध्ये पहिलं पाणी. मामा काठावर उभं राहून वेग मोजत होते, काडी टाकून. पाण्यावरच खोरं आहे, आणि पाण्यावर हक्क कुणाचा हा वाद आजही कॅलिफोर्निया, अॅरिझोना आणि मेक्सिको यांच्यात धुमसतो आहे.

सॅन दिएगोच्या रस्त्याला लागलो. खोरं संपतं आणि गाडी एकदम दगडांच्या डोंगरावर चढू लागते. १९५८ आणि १९६० मध्ये सौंद पुन्हा निवडून आले होते. मे १९६२ मध्ये वॉशिंग्टनला जाणाऱ्या विमानात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. बोलणं गेलं, चालणं गेलं. नाव मतपत्रिकेवर कायम राहिलं. नोव्हेंबरमध्ये ते हरले, पण बोलू न शकणाऱ्या, प्रचाराला एकदाही न आलेल्या उमेदवाराला सुमारे ४४ टक्के मतं पडली.

“चव्वेचाळीस?” मामांनी दोनदा विचारलं.

पुढची अकरा वर्षं मॅरियन यांनी त्यांची शुश्रूषा केली. २२ एप्रिल १९७३ ला ते गेले. त्यांच्यानंतर २००५ पर्यंत प्रतिनिधीगृहात भारतीय वंशाचं कुणी नव्हतं. त्या वर्षी लुइझियानातून बॉबी जिंदल आले, २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातून अमी बेरा, आणि २०२३ मध्ये मिशिगनमधून चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार. चिकोडी म्हटल्यावर मामा सावरून बसले. मिरजेपलीकडचं, त्यांच्या बहिणीच्या सासरचं गाव. सौंद यांचं तैलचित्र २००७ पासून वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये लावलेलं आहे हे मी सांगितलं, तेव्हा त्यांनी तिथे जायला विमान किती वाजता असतं ते विचारलं, आणि मी गाडी चालवत असल्याने स्वतःच फोनवर शोधायला घेतलं.